नाटकातली चार पानं उडाली त्याची गोष्ट

शाळेतलं आमचं शेवटचं नाटक झालं. तेव्हापासून ग्रुपवर नुसता मेसेजेसचा पूर आलाय. आपण सगळे एक फॅमिली होतो, हे दिवस परत येणार नाहीत, मिस यू गाईज, आणि खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. मला यातलं काही खोटं वाटत नाही, पण फॅमिली हा शब्द वाचला की हसू येतं, कारण आम्ही फॅमिली बिमिली काही नव्हतो. अर्ध्या लोकांचं एकमेकांशी पटत नव्हतं. आमची आजी आणि आमचा स्टेशनमास्तर तर रोल वाटले गेले त्या दिवसापासून स्टेजवर सोडून एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते, कारण दोघांनाही स्टेशनमास्तरच करायचा होता. तरीही नाटक झालं आणि चांगलं झालं, आणि ज्यांचं पटतं त्यांनी मिळून नाटक करण्यापेक्षा मला हे जास्त भारी वाटतं.

(नावं लिहीत नाहीये. तसंही या लोकांना शाळेत आता नावाने कोणी हाक मारत नाही, शिपाईकाका पण त्या मुलीला ‘काय आजी’ म्हणतात.)

मी प्रॉम्प्टर होते. म्हणजे विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर स्क्रिप्ट, हातात निळा कागद लावलेली छोटी बॅटरी, आणि स्टेजवर जे बोललं जातंय त्याच्या एक ओळ पुढे बोट ठेवून वाचत राहायचं. कोणी अडकलं की पहिले दोन-तीन शब्द द्यायचे, अख्खं वाक्य नाही, आणि कुजबुजत नाही तर खालच्या आवाजात पण स्पष्ट द्यायचे, कारण कुजबुज प्रेक्षकांत पहिल्या रांगेला ऐकू जाते आणि नटाला मात्र कळत नाही, हे एक मोठं गूढ आहे. सगळ्यात अवघड असतं ते पॉज ओळखणं. समोरचा विसरलाय की मुद्दाम थांबलाय? पॉजमध्ये शब्द दिला तर नट खाऊ का गिळू बघतो, आणि विसरलेल्याला नाही दिला तर सगळ्यांची वाट. तालमी करून करून मला एकेकाचा श्वास पाठ झाला होता. स्टेशनमास्तर विसरला की त्याचा उजवा हात खिशाकडे जातो. आजी विसरली की ती चष्मा पुसते, म्हणजे तिने विसरण्यासाठी अभिनयच शोधून ठेवला होता, हुशार आहे ती.

तर नाटक असं होतं, एका छोट्या स्टेशनची वेटिंग रूम, रात्रीची वेळ, गाडी लेट. एक आजी ट्रंक घेऊन बसलीये, घरातून न सांगता निघालेला एक मुलगा, सतत भांडणारं एक जोडपं, आणि स्टेशनमास्तर. आणि मध्येच एक झाडूवाली येते, खोली झाडता झाडता सांगते की इथे याआधी कोण कोण बसून गेलं आणि त्यांचं पुढे काय झालं. तिचा तो एकच प्रवेश, जेमतेम चार पानं, पण अख्खं नाटक त्या चार पानांवर उभं. स्क्रिप्ट आम्हीच लिहिली होती, म्हणजे आधी बाईंनी नुसती सिच्युएशन दिली, आम्ही इम्प्रोव्हायझेशन केलं आणि जे जमलं ते लिहून काढलं. अशा स्क्रिप्टचा एक प्रॉब्लेम असतो जो तेव्हा कोणाच्याच लक्षात आला नाही. बोलता बोलता सुचलेली वाक्यं सारखी सारखी येतात. आमच्या नाटकात मुलगा दोनदा विचारायचा, ‘गाडी कधी येणार?’ पहिल्यांदा मास्तर म्हणायचा ‘येईल तेव्हा येईल’, त्यानंतर झाडूवालीचा प्रवेश, आणि मग दुसऱ्यांदा तेच विचारलं की उत्तर ‘गाडी आज येणार नाही.’

ज्यांनी नाटक केलंय ते आता हसत असतील, त्यांना कळलं पुढे काय झालं ते.

पण त्याच्याआधी हॉलबद्दल सांगायला पाहिजे, कारण तालीम वर्गात आणि प्रयोग स्टेजवर यात जो फरक पडतो तो कोणी आधी समजावून सांगत नाही. वर्गात आम्ही बाकं सरकवून खडूने दारं आखली होती. स्टेजवर आल्यावर सगळे दोन पावलं कमी चालायला लागले, कारण पायांना वर्गाचं माप पाठ. मग डावी-उजवीचा गोंधळ. स्टेजची उजवी बाजू म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या नटाची उजवी, आणि बाई खुर्चीत बसून सांगायच्या तेव्हा त्यांची उलटी, त्यामुळे भांडणारं जोडपं एकदा खरंच भांडलं. आणि आवाज! रंगीत तालमीला हॉल रिकामा, आवाज नुसता घुमत होता, आम्हाला वाटलं वा, काय खणखणीत पोचतंय. प्रयोगाला हॉल भरला आणि तोच आवाज एकदम कोरडा, जणू कोणीतरी पिऊन टाकला. तसंच असतं ते, माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात, रिकाम्या खुर्च्या तेवढा घेत नाहीत. बाईंनी हे आधी सांगितलं होतं पण कानांना पहिल्यांदा कळतं तेव्हा पोटात गोळा येतोच.

अजून एक म्हणजे हशा. तालमीत कोणी हसत नाही, सगळ्यांना सगळं माहीत असतं. प्रयोगात जोडप्याच्या पहिल्याच वाक्याला हशा आला आणि दोघं त्याच्यावरून बोलत सुटले, पुढची दोन वाक्यं गेली वाहून. आजीला मात्र हे कुठून कळलं होतं देव जाणे, ती हशा पूर्ण ओसरायची वाट बघत नव्हती, तो खाली यायला लागला की बोलायची. पूर्ण थांबली असती तर भोक पडलं असतं.

आणि स्पीड. शेवटच्या तालमींना वेळ लावला होता त्यापेक्षा प्रयोग भरभर चालला होता, मी घड्याळ बघत होते ना. घाबरलं की असं होतं, अॅड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते आणि माणूस फास्ट बोलतो आणि त्याला स्वतःला वाटतं आपण नॉर्मल बोलतोय. फास्ट बोलताना डोकं वाक्याचा अर्थ बघत नाही, नुसतं आधीच्या वाक्याचं शेपूट धरून पुढचं वाक्य काढतं.

तर मुलाने विचारलं, ‘गाडी कधी येणार?’

आणि मास्तर म्हणाला, ‘गाडी आज येणार नाही.’

माझं बोट पान नऊवर होतं. तो पान तेरावर गेला होता.

याला आम्ही उडी म्हणतो, उडी बसली की मधलं सगळं गायब. आणि यात प्रॉम्प्टरच्या हातात काहीच राहत नाही, कारण कोणी अडकलेलंच नसतं, सगळं मस्त चालू असतं. थांबलेल्या माणसाला शब्द देता येतो, धावणाऱ्याला कसा देणार. मी ‘येईल तेव्हा’ असं दोनदा म्हटलं पण तो वाक्य बोलून मोकळा झाला होता, आणि जोडप्याने त्याच्यावरचं पुढचं वाक्य टाकलंही, तेरावरचंच, कारण त्यांना शेपूट तेच मिळालं ना. म्हणजे आता एक मिनिटभरात नाटक संपणार. माझ्या शेजारी झाडूवाली उभी होती, डोक्यावर फडकं बांधलेलं, झाडू छातीशी धरलेला. तिला कळलं होतं. ती काही बोलली नाही, नुसती माझ्या मांडीवरच्या स्क्रिप्टकडे बघत होती, तिची पानं माझ्या अंगठ्याखाली होती. तिच्या घरचे चौथ्या रांगेत बसले होते.

इथे जरा विषयांतर करते, मला राहवत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात पहिल्याच अध्यायात पहिल्यावहिल्या नाटकाची गोष्ट आहे. देवांनी असुरांना हरवलं तो प्रसंग त्यात दाखवत होते, त्यामुळे असुर चिडले आणि विघ्नांना सोबत घेऊन त्यांनी प्रयोग मोडायला घेतला. कसा मोडला? स्टेज नाही पेटवलं, मारामारी नाही केली. नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकली. म्हणजे पहिल्या प्रयोगातली पहिली आपत्ती हीच, नट विसरले! मग इंद्राने ध्वजाची काठी घेऊन विघ्नांना बडवलं, त्या काठीला जर्जर म्हणतात, आणि त्यानंतर नीट नाट्यगृह बांधायला विश्वकर्म्याला सांगितलं गेलं. बाईंनी ही गोष्ट पहिल्या तालमीलाच सांगितली होती, आणि आम्ही माझ्या बॅटरीचं नाव जर्जर ठेवलं होतं. त्या क्षणी जर्जर हातात घेऊन मी काही कोणाला बडवू शकत नव्हते.

स्क्रिप्टप्रमाणे ‘गाडी आज येणार नाही’ झालं की आजी ट्रंक बंद करते, उचलते, दाराबाहेर जाते आणि लाईट निळा होत जातो. आजीने ट्रंक बंद केली. उचलली. मला वाटलं हिलाही कळलं नाहीये, संपलं सगळं. दारापर्यंत गेली आणि थांबली. ट्रंक खाली ठेवली. चष्मा पुसायला काढला (मी म्हटलं मेलो, विसरली) आणि पुसता पुसता मास्तरकडे न बघता म्हणाली, ‘अहो मास्तर, गाडी येणार नाही म्हणता, म्हणजे रात्र इथंच काढायची. मग खोली तरी झाडून घ्या की. काय ही धूळ!’

मास्तरचा हात खिशाकडे गेला. तेव्हा त्याला कळलं. मी त्याचा चेहरा विंगेतून बघत होते, मेकअपच्या आतून माणूस पांढरा पडलेला दिसतो. आणि मग तो विंगेकडे वळून ओरडला, ‘ए, कोण आहे रे तिकडे? झाडून घ्या जरा!’

झाडूवाली माझ्याकडे न बघता आत गेली, आणि तो प्रवेश तिने असा केला की बस. तालमीत ती जरा गाऊन बोलायची, बाई तिला सारखं सांगायच्या की साधं बोल, ते त्या दिवशी आपोआप झालं, कदाचित रागाने झालं असेल, मी विचारलं नाही.

पण लफडं अजून संपलं नव्हतं ना. प्रवेश संपल्यावर मुलाला परत विचारायचं होतं ‘गाडी कधी येणार?’ आणि त्याचं उत्तर तर वापरून झालेलं. आमचा मुलगा हा वर्गात सगळ्यात गप्प, त्याला इम्प्रोव्हायझेशन मुळीच जमायचं नाही, इम्प्रोव्हायझेशनच्या वेळी तो कोपऱ्यात बसून दुसऱ्यांची वाक्यं लिहून घ्यायचा. त्याने मास्तरकडे बघितलं आणि विचारलं, ‘खरंच येणार नाही?’ मास्तर काहीच बोलला नाही. खूप वेळ. मी शब्द दिला नाही, कारण हात खिशाकडे गेला नव्हता. मग त्याने नुसती मान हलवली. नंतर बरेच पालक येऊन म्हणाले, शेवटचा तो पॉज काय सुंदर बसवलाय हो बाई! बाई म्हणाल्या, हो, मुलांनी मेहनत घेतली. बाई पण काही कमी नाहीत.

नंतर मी प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारलं, तुला काय आठवतंय. ग्रुपवर नाही, समोरासमोर, कारण ग्रुपवर सगळे एकदम भाषणाच्या मूडमध्ये जातात. गंमत म्हणजे टाळ्या कोणालाच आठवत नव्हत्या.

लाईटवाल्याने नाटक नाटक म्हणून कधी बघितलंच नव्हतं. त्याच्यासाठी ते क्यू शीटवरचे नंबर, म्हणजे कुठल्या खुणेला (क्यूला) कुठला लाईट द्यायचा त्याची यादी. तो हॉलच्या मागे, मी विंगेत, आमच्यात काही हेडफोन वगैरे नव्हते, म्हणजे उडी बसली तेव्हा त्याला सांगायला कोणीच नव्हतं आणि त्याच्या शीटवर निळा लाईट द्यायची वेळ झाली होती. दिला असता तर आजीला पुढे काही बोलायची सोयच नव्हती, प्रेक्षकांनी टाळ्या सुरू केल्या असत्या. मी विचारलं का नाही दिलास? तर म्हणे, क्यू आजीचा पाय दाराबाहेर पडल्यावर आहे, पडलाच नाही, मग मी कशाला देऊ. त्याला यात काही विशेष वाटतच नव्हतं. मला विचाराल तर त्या रात्री नाटक वाचवलं ते आजीने आणि याने, निम्मं निम्मं, पण याचा फोटो एकाही अल्बममध्ये नाही.

जोडप्यातल्या बायकोला अंधार आठवतो. पहिल्या ब्लॅकआउटमध्ये दोघांना जागा बदलायची होती आणि भर उजेडातून एकदम काळोख झाला की काही म्हणजे काही दिसत नाही, डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि आम्हाला मिळायचे पाच सेकंद. म्हणून जमिनीवर चमकणारी टेप लावली होती. तिने शिवाय एक युक्ती शोधली होती, ब्लॅकआउटच्या आधी प्रेक्षकांकडे पाठ व्हायची तेव्हा ती एक डोळा घट्ट मिटून ठेवायची आणि अंधार झाला की तोच उघडायचा, त्या डोळ्याला थोडंतरी दिसतं. नवऱ्याला तिने हे सांगितलं नव्हतं, त्याला ती हात धरून न्यायची. तो म्हणाला मला तो हातच आठवतो. हे ऐकून ती म्हणाली, हो, कारण तू दरवेळी टेबलाला धडकायचास. (यांच्यात बाकी काही नाहीये, ग्रुपवर जे चाललंय ते थांबवा प्लीज.)

मुलाला त्याचं न लिहिलेलं वाक्य आठवतं. म्हणजे आठवतं म्हणण्यापेक्षा त्याला ते बोलल्याचंच आठवत नाही, व्हिडिओत बघून त्याला धक्का बसला.

मास्तर पहिल्यांदा म्हणाला काही नाही, मग म्हणाला ट्रंक खाली ठेवल्याचा आवाज. ट्रंक रिकामी होती, त्यामुळे धप्प न होता ठण्ण झालं, आणि त्या आवाजाने त्याला कळलं की काहीतरी चुकलंय, कारण तालमीत ट्रंक त्या जागी कधीच खाली आली नव्हती. मी म्हटलं आजीला थँक्यू म्हणालास का? तर म्हणे तिने मला वाचवलं नाही, नाटक वाचवलं. बरोबर आहे की. आजीला विचारलं तर ती अगदी हेच म्हणाली, जवळजवळ याच शब्दांत, आणि दोघं अजूनही बोलत नाहीत. बोलले तर मला आवडेल, पण या एका गोष्टीवर दोघांचं इतकं एकमत आहे की बोलायची गरज आहे का असाही प्रश्न पडतो.

आणि झाडूवाली. तिला विंगेतला तो वेळ आठवतो. मला वाटलं ती म्हणेल भीती वाटली, रडू आलं. ती म्हणाली, मी मोजत होते. काय मोजत होतीस? माझ्या प्रवेशाशिवाय नाटक कळेल का लोकांना, त्यांना काय काय कळणार नाही ते मोजत होते. आणि तिच्या हिशोबाने नाटक कळलं असतं. म्हणाली, कळलं असतं गं, तेच तर वाईट वाटलं. मी तिला सांगितलं की तुझ्या चार पानांशिवाय हे नुसतं गाडी न आल्याचं नाटक आहे, पण तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. अशा वेळी पटवत बसू नये असं मला वाटतं. ज्याने विंगेत उभं राहून ते बघितलंय त्याला बाहेरून कौतुक करून उपयोग नसतो.

सेट मोडायला वेळ लागला नाही. स्टेशनच्या पाटीमागे बांबूच्या टेकूवर सगळ्यांनी मार्करने सह्या केल्या, मास्तरने आपली टोपी परत केली नाही, बाईंना माहीत आहे पण त्या विचारत नाहीत. बाकीची भावनिक दृश्यं फोटोत आहेतच, मी परत लिहीत नाही.

आता खरा वाद चालू आहे तो स्क्रिप्टचा. आमची स्क्रिप्ट शाळेच्या लायब्ररीत ठेवायची आहे, पुढच्या बॅचला करायची तर करता यावी म्हणून, आणि ती टाईप करायचं काम अर्थातच प्रॉम्प्टरच्या गळ्यात. प्रश्न असा की कुठलं नाटक टाईप करायचं? लिहिलेलं की झालेलं? लाईटवाला आणि जोडपं म्हणतायत झालेलं, कारण गाडी येणार नाही हे आधीच कळल्यावर झाडूवाली येते ते जास्त भारी वाटतं, आता माणसांना जायचंच नाहीये, मग ती आधीच्या माणसांबद्दल बोलते ते वेगळं ऐकू येतं. मलाही मनातून तसंच वाटतं. आजी न्यूट्रल. मास्तर म्हणतो लिहिलेलं, कारण झालेलं ठेवलं तर त्याची उडी कायमची छापली जाईल आणि कोणीतरी म्हणेल काय हुशारीने रचलंय. झाडूवाली म्हणाली माझा प्रवेश होता तिथेच ठेवा, आणि तिच्या बोलण्यानंतर कोणी वाद घातला नाही.

म्हणून लिहिलेलंच टाईप केलं. एक बदल मात्र केला, दुसऱ्या वेळी मुलगा आता ‘गाडी कधी येणार?’ विचारत नाही, ‘खरंच येणार नाही?’ असं विचारतो, म्हणजे दोन्ही शेपटं वेगळी झाली. मास्तरचं ‘येणार नाही’ अर्थातच उडालं, तिथे कंसात फक्त ‘मान हलवतो’ एवढं आहे. मग मुलाला आधीच कसं माहीत, असं आजीने विचारलं, तर गप्प मुलगा म्हणाला, झाडूवालीचं ऐकून त्याला कळतं ना. यावर सगळे त्याच्याकडे बघत राहिले. आणि पान नऊच्या समासात पुढच्या प्रॉम्प्टरसाठी मी पेन्सिलने लिहून ठेवलंय: या मास्तरचा हात कुठे जातो ते पहिल्या आठवड्यातच बघून ठेव.